निरंक रकाना

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

आजपासून अनुश्रीच्या श्वासाची नोंद ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. खरे सांगायचे तर ते मी मागून घेतले. नात नऊ वर्षांची आहे आणि गेल्या दीड वर्षात तिला पाच वेळा दम लागला. गेल्या मंगळवारी तिच्या छातीतील शीळ मला शेजारच्या खोलीत ऐकू आली. तिला एका वाक्याचे तीन तुकडे करून बोलावे लागत होते. एखादे मूल असे बोलू लागले की व्याकरणाचा विचार सुचत नाही, हे मी येथे प्रांजळपणे नमूद करतो.

वसमतला नुकताच दवाखाना काढलेल्या डॉ. सीमा पोले यांनी त्या दिवशी तिला यंत्रावर वाफ दिली आणि आज एक श्वासमापक दिला. नळीत जोराने फुंकले की काटा सरकतो. अनुश्रीचा उत्तम दिवस म्हणजे दोनशे वीस. गेल्या मंगळवारी तो शंभरावर अडकला होता.

डॉक्टरीणबाई शिरड शहापूरच्या. वडील मसाजी अजून मेंढ्या राखतात. आमचे आडनाव शिरडकर. पूर्वज तेथील देवळाचे पुजारी होते, मात्र तीन पिढ्या आम्ही वसमतला आहोत, असे मी सांगितले. त्या हसून म्हणाल्या, "म्हंजी नाव तुमचं आन् गाव आमचं." त्यांच्या पाटीवर 'बालरोगतज्ञ' असे लिहिलेले आहे. एक ज कमी असल्याचे मी निदर्शनास आणले. जागा पुरली नाही म्हणून रंगाऱ्याने तो गिळला, असे उत्तर मिळाले. उत्तर चटपटीत होते. पाटी मात्र अशुद्धच राहिली.

दुय्यम निबंधक कार्यालयात मी चौतीस वर्षे काढली, त्यांतील अखेरची वीस वरिष्ठ लिपिक म्हणून. माझ्या हातून गेलेला एकही दस्त अशुद्धीमुळे परत आला नाही. त्याच हाताने आज नोंदवही आखली: दिनांक, सकाळचे वाचन, सायंकाळचे वाचन, पंपाच्या मात्रा, आहार, हळदीची गिरणी चालू की बंद, हवामान. आठवा रकाना डॉक्टरांच्या आग्रहाखातर: घरातील आजारी व्यक्ती. सर्दी-पडशाचा विषाणू घरात शिरला की अशा मुलांना दम लागतो, असे त्यांचे म्हणणे. माझ्या मते कारण उघड आहे. आमच्या मागच्या बोळात गिरणी आहे आणि तिची पिवळी धूळ खिडकीच्या गजांवर बोटाने लिहिता येईल इतकी साचते. तथापि आदेश तो आदेश. नोंदवण्याजोगे काही नसेल तेथे कार्यालयात आम्ही 'निरंक' लिहीत असू. आठव्या रकान्यात आज तसे लिहिले.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

फुप्फुसे औषधाने निभावतात. बळकट होतात ती व्यायामाने. म्हणून मी अनुश्रीच्या हाती शंख दिला.

आमच्या देवघरात दोन शंख आहेत: एक पूजेत पाणी भरण्याचा, दुसरा वाजवण्याचा. वाजवण्याच्या शंखाची घराण्यात एक रीत आहे. थोरल्याने फुंकावा आणि नाद विरण्याच्या आत धाकट्याच्या हाती द्यावा. मध्ये तो खाली ठेवायचा नाही, धुवायचा नाही, पुसायचा नाही. नाद तुटू द्यायचा नाही. वडिलांनी माझ्या हाती तो असाच दिला. चिरंजीव नचिकेत याला कधी जमला नाही. त्याच्या फुंकरीतून वाफेच्या भांड्यासारखा आवाज येई. मुलीच्या हाती शंख जाण्याची आमच्याकडे ही पहिली वेळ. पहिले दोन दिवस नुसती हवा गेली. आज चार सेकंद स्वच्छ नाद. सूनबाई देवश्री दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या मुद्रेवर आनंद होता.

वहीत नववा रकाना वाढवला: शंखनाद, सेकंदांत.

२५ ऑगस्ट, सोमवार

सकाळी २२०, सायंकाळी २२०, शंखनाद सहा सेकंद. डॉक्टरांच्या यंत्राची किती प्रतिष्ठा आणि आमच्या शंखाची किती उपेक्षा, असा विचार मनात आला. आज बाजारात गणपतीच्या सामानासाठी अफाट गर्दी होती. दोन तास खेटाखेटीत गेले.

२६ ऑगस्ट, मंगळवार

पहाटे नाकास किंचित पाणी. त्यास सर्दी म्हणता येणार नाही. बाजारातील धुपाचा परिणाम. भांडी घासावयास येणाऱ्या जिवनबाईने अंगणातूनच निदान केले: "अण्णा, नाक गळून राहिलंय तुमचं. लेकराजवळ काहून बसता?" शब्द 'का' असा आहे, हे मी तिला सांगितले. तिने पदराने तोंड पुसून हसू लपवले.

सकाळचे वाचन २२०. शंखनाद सात सेकंद. आठवा रकाना निरंक.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणेशाची स्थापना. आरतीच्या शेवटी मी शंख फुंकला; माझा नाद आज थोडा घोगरा होता, परंतु अनुश्रीने तो उचलून आठ सेकंद नेला. असा अभिमान मला निवृत्तीच्या सत्कारातही वाटला नव्हता. चार रुमाल धुण्यास टाकले. आठवा रकाना निरंक.

३० ऑगस्ट, शनिवार

काल अनुश्रीला शिंका. आज सकाळी वाचन १७०, दुपारी १२०. गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत जात होती. नचिकेतने गाडी काढली, देवश्रीने तिला मांडीवर घेतले आणि मी वही घेतली.

वाफ देऊन झाल्यावर डॉक्टरांनी वही चाळली. एवढी टापटीप नोंद शिक्षण घेतानाही कोणी हाती दिली नव्हती, असे त्या म्हणाल्या. हे वाक्य मी त्यांच्या परवानगीविना येथे नोंदवीत आहे. नंतर त्यांनी विचारले, घरात कोणी शिंकत होते काय. मी आठव्या रकान्यावर बोट ठेवले.

मी गिरणीचा मुद्दा मांडला. परंतु सणानिमित्त गिरणी तीन दिवस बंद होती, हेही माझ्याच वहीत होते. मग कापराच्या धुराचा मुद्दा मांडला. धूर आणि धूळ निर्दोष नव्हेत, असे त्या म्हणाल्या. पण मुळाशी दुसरेच आहे. तान्हेपणी छाती भरून अनुश्रीला कधी दाखल करावे लागले होते काय, असे त्यांनी देवश्रीला विचारले. आठ महिन्यांची असताना नांदेडला सहा दिवस दाखल होती, असे देवश्रीने सांगितले. तान्हेपणी असा जबर संसर्ग झालेल्या पुष्कळ मुलांना पुढे दमा जडतो, असे त्या म्हणाल्या. मग जे समजावले ते मी त्यांच्याच शब्दांत उतरवतो, कारण त्याहून स्पष्ट मला जमणार नाही:

"काका, माझ्या बापाकडं एक कुत्रं होतं. लांडगा आला तरी चावायचं आन् पाव्हणा आला तरी चावायचं. हिच्या छातीत तसलं कुत्रं हाय. कुत्रं वाईट न्हाई, राखणच करून राहिलंय. पण धुळीच्या कणावर भुंकून भुंकून त्यानं नळ्या आधीच सुजवून ठेवल्यात. त्यात सर्दी आली, की चोर पळतो उशिरा आन् दंगा होतो घरभर."

म्हणजे दम लागतो तो केवळ विषाणूमुळे नव्हे, तर त्याच्याविरुद्ध देहाने केलेल्या अतिरेकी बंदोबस्तामुळे. हे मला पटले. एका साध्या हरकतीच्या अर्जावरून सबंध कार्यालयाला टाळे ठोकणारे अधिकारी मी पाहिले आहेत. रोजचा पंप म्हणजे त्या राखणदाराला रोज शांत करणे. निळा पंप म्हणजे दंगा झाल्यावर रस्ता मोकळा करणे. रोजचा पंप एकही दिवस चुकवायचा नाही. माझ्याकडे वही असताना तो चुकणे शक्य नाही.

एकच शंका उरते. घरात कोणी आजारी नसताना विषाणू आला कोठून? शाळेतून असावा.

१४ सप्टेंबर, रविवार

तीन दिवस शंखाचा रकाना रिकामा. शुक्रवारपासून मला घशाची थोडी खवखव आणि नाकात चुरचुर आहे. परंतु मी पूजा चुकवलेली नाही. उलट ऐन पूजेच्या वेळी देवश्री अनुश्रीला वेणी घालावयास बसते. काल वेणी, परवा नखे, आज तेल. घरातील शिस्त अशी सैल होत असेल तर फुप्फुसे बळकट व्हायची कशी, असे मी विचारले. "उद्यापासून बसवते, अण्णा," एवढेच ती म्हणाली. पण तिचा तो उद्या कधी उगवेल, कोण जाणे.

सुदैवाने वाचन २२०वर स्थिर आहे. आधीच्या सरावाचे पुण्य.

२९ सप्टेंबर, सोमवार

नवरात्र. काल देवळात दर्शनाच्या रांगेत माझ्या पुढचा गृहस्थ सतत शिंकत होता. लोकांना रुमाल ठाऊक नाही. आज मला थोडे पडसे वाटते, परंतु ताप नाही. आणि ज्यास ताप नाही तो आजारी नव्हे, अशी आमच्या वडिलांची व्याख्या होती. देवश्री दोन दिवसांसाठी माहेरी गेली आहे, त्यामुळे पूजा वेळेवर आणि यथासांग झाली. शंखनाद नऊ सेकंद, आजवरचा उच्चांक. आठवा रकाना निरंक.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दसऱ्याचे सोने कोणी वाटले नाही. काल सकाळी वाचन ११०. रात्रभर दवाखान्यात ठेवून आज सोडले. ओठांचा रंग मला आठवावयाचा नाही.

घरी येताच नचिकेतने आपला निर्णय सांगितला. तो ज्या संस्थेच्या महाविद्यालयात शिकवतो तिची लातूरला शाखा आहे. तेथे बदली मागणार, बिऱ्हाड हलवणार. हळदीच्या धुळीत मुलगी ठेवणे त्याला मान्य नाही. "अण्णा, तुमचीच वही आहे. घरात कोणी आजारी नाही, तरी मुलीला दम लागतो. मग हवेतच दोष आहे ना?"

मी म्हणालो, तर्क निर्दोष आहे. मी वसमत सोडणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. त्याने मला यावयास सांगितले. मी नाही म्हटले. त्याने पुन्हा विचारले नाही. याचा अर्थ अनुश्री जाणार.

८ ऑक्टोबर, बुधवार

बदलीच्या अर्जास जोडण्यासाठी नचिकेतने डॉक्टरांकडे पत्र मागितले: येथील धूळ मुलीस घातक आहे, अशा आशयाचे. त्या म्हणाल्या, आधी दोन महिन्यांच्या नोंदींची स्वच्छ प्रत आणा, त्यात दिसले तर लिहून देईन. प्रत अर्थातच मी करणार. हिच्या जाण्याचा दस्त माझ्याच अक्षरात व्हावा, हे विचित्र आहे. तथापि तो शुद्ध असेल.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी जेवणानंतर प्रत करावयास बसलो. शंखनादाच्या काही नोंदी वहीत पुसट झाल्या होत्या. तारखा ताडून पाहण्यासाठी ही दैनंदिनी उघडली. एका दस्ताची दुसऱ्याशी पडताळणी ही माझी जन्माची सवय.

२६ ऑगस्ट. वहीत: निरंक. दैनंदिनीत: नाकास किंचित पाणी.

२७ ऑगस्ट. वहीत: निरंक. दैनंदिनीत: चार रुमाल.

मी चष्मा पुसला. पुढे गेलो. २९ सप्टेंबर. वहीत निरंक; दैनंदिनीत पडसे, आणि त्याच ओळीत नऊ सेकंदांचा उच्चांक. दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या दिवशी अनुश्रीला दम. १२ ते १४ सप्टेंबर या तीन दिवसांतही वहीत निरंक, आणि मला मात्र खवखव होती; नंतर तिला काहीही झाले नाही. त्या तीन दिवसांत शंख तिच्या हाती गेला नव्हता.

मी शंख उतरवून आणला. त्याच्या तोंडाशी ओठ टेकतात तेथे पितळी कडे बसवलेले आहे. त्या कड्याला मी हात लावून पाहिला. आठ पिढ्यांचा अभिमान आणि ओठांच्या रुंदीएवढी जागा. नाद तुटू नये म्हणून मी ती कधी पुसू दिली नाही.

चौतीस वर्षे मी लोकांना सांगत आलो की दस्तात जे लिहिलेले नाही ते अस्तित्वात नाही. म्हणून स्वतःला लिहिलेच नाही. घरातील व्यक्ती मोजताना मी मोजणारा होतो.

येथे एक गोष्ट मान्य करणे भाग आहे. अर्धा तास मी काहीच केले नाही. ही दैनंदिनी कोणी वाचत नाही. वहीतील निरंक तसेच प्रतीत उतरवले असते तर एकही अक्षर खोटे ठरले नसते, कारण मूळ वहीत तसेच आहे. दोष धुळीच्या माथी गेला असता आणि मी शुद्ध राहिलो असतो. लातूरला जाऊन तिला पुन्हा सर्दी होईपर्यंत शुद्ध राहिलो असतो.

नंतर मी लाल शाई घेतली. दुरुस्तीची पद्धत ठरलेली आहे: चुकीचा शब्द खरडून काढायचा नाही, तो वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर योग्य शब्द लिहायचा, बाजूस सही व दिनांक. सहा ठिकाणी निरंक खोडले. सहा ठिकाणी लिहिले: गोपाळ विनायक शिरडकर, वय ७६, सर्दी. सहावी सही पहिलीइतकीच सरळ आली आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

सकाळच्या चहाला सर्वांना बसवले आणि दुरुस्त्या मोठ्याने वाचून दाखवल्या. तारीख, माझे नाव, व्याधी. नंतर अनुश्रीचे वाचन. मी मध्ये कोठेही थांबलो नाही.

नचिकेतने वही ओढून घेतली आणि मागची पाने उलटून पाहिली. अनुश्री म्हणाली, शंख ओला असायचा. ती पुसणार होती, पण मीच नाद तुटतो असे सांगितले होते. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. ते मला अधिक लागले.

मोरीतून जिवनबाईचा आवाज आला: "म्या तवाच म्हनलं व्हतं. पर आमचं बोलनं तपासत बसले अण्णा, नाक न्हाई तपासलं."

मी देवश्रीला विचारले, वेणी, नखे आणि तेल हे सर्व ठरवून होते काय. ती मान खाली घालून कपबशा गोळा करू लागली. मी पुन्हा विचारले. तेव्हा ती म्हणाली, "मला पहिल्या वेळीच शंका आली होती, अण्णा. पण तुमच्या वहीत निरंक लिहिलेलं होतं. या घरात वहीच्या विरुद्ध कोण बोलणार?"

ती हे रागाने म्हणाली असती तर मला उत्तर देता आले असते. ती वस्तुस्थिती सांगत होती. माझ्या अक्षराचा धाक मला आजवर माझा गुण वाटत आला. त्या धाकाला तिने केवळ एका फणीने तोंड दिले आणि तीन दिवस मुलगी वाचवली. अशी सून आमच्या घरात आहे, हे मी आज अभिमानाने नोंदवतो. तिला हे तोंडी सांगणे मला जमलेले नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

वही आणि प्रत घेऊन सगळे दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी लाल दुरुस्त्या एकेक करून वाचल्या. त्यांच्या विनोदाची मी वाट पाहत होतो. तो आला नाही. त्या म्हणाल्या, बहुतेक लोक वही आणतच नाहीत, आणि आणली तर स्वतःला वगळूनच आणतात.

त्यांनी नचिकेतला समजावले की लातूरला गेले तरी छातीतील राखणदार सोबत जाणारच. तेथेही धूळ आहे, शाळा आहे, सर्दी आहे. गिरणीकडची खिडकी बंद ठेवा, गोधड्या उन्हात टाका, ओल्या फडक्याने पुसा. रोजचा पंप चालू होता म्हणून मुलगी दोन्ही वेळा लवकर सावरली. तो चालूच ठेवा. वाचन किती उतरले तर कोणता पंप किती वेळा द्यायचा, आणि कितीला थेट दवाखाना गाठायचा, हे त्यांनी एका कागदावर लिहून दिले. घरातल्या सर्वांनी फ्लूची लस घ्यावी, असेही सांगितले. शंख फुंकण्यात गैर काही नाही. प्रत्येकाचा वेगळा असावा, इतकेच.

मी विचारले की दोष माझा किती. त्या म्हणाल्या, "सगळा घेऊ नका, काका. सर्दी काय एकट्या तुमच्या नाकात राहत न्हाई. शाळेतून बी आणंल ती. पण तेव्हा घरात कुणी निरंक लिहिणारं नसंल, एवढं बघा."

पत्र त्यांनी दिले नाही. नचिकेतने मागितलेही नाही. बदलीचा अर्ज त्याने खिशातून काढून, घडी घालून पुन्हा खिशात ठेवला. घरी आल्यावर मात्र तो फाडल्याचा आवाज मी ऐकला.

निघताना डॉक्टरांनी वहीची झेरॉक्स मागितली. दम्याच्या मुलांच्या पालकांना दाखवावयाची आहे. माझे नाव झाकून दाखवतील असे म्हणाल्या. मी सांगितले, नाव झाकू नका. ज्यावर कर्त्याचे नाव नाही तो दस्तच नव्हे.

त्यांनी मला ओळखीचा म्हणून नव्हे, तर बरोबरीचा मानून हात जोडले, असे मला वाटले. मीही जोडले. मसाजींची मुलगी आपल्या कामात माझ्याहून काटेकोर आहे. पाटीचा विषय मी काढला नाही.

७ डिसेंबर, रविवार

थंडी. शाळेतून सर्दी आलीच. बुधवारी वाचन १७०. कागदाप्रमाणे निळा पंप, तिसऱ्या दिवशी २००, आज २२०. वाफ लागली नाही, दवाखाना लागला नाही. अनुश्री स्वतः फुंकते, स्वतः आकडा वाचते आणि मला सांगते. परवा माझ्या आधी तिनेच ओळ लिहिली होती. अक्षर वळणदार आहे. रेघेवर मात्र बसत नाही.

२४ जानेवारी २०२६, शनिवार

सकाळी पहिली शिंक आली आणि मी थाळी घेऊन माडीवरच्या खोलीत आलो. मुखपट्टी, वेगळा पेला, वेगळा टॉवेल. कोणी सांगण्याच्या आत. देवश्रीने खालून विचारले, सोमवारचे काय? सोमवारी शाळेच्या झेंडावंदनाला अनुश्री संविधानाची उद्देशिका म्हणणार आहे. तीन आठवडे मी तिची तयारी करून घेतली. ते सबंध एकच वाक्य आहे आणि ते कोठे तोडू नये यासाठी मी फार जीव टाकला. पहिल्या रांगेत बसावयाचे ठरले होते. नवे धोतर काढून ठेवले होते.

मी सांगितले, ते उचलून ठेवा.

२६ जानेवारी, सोमवार

शाळा दोन बोळ पलीकडे आहे आणि तिचा कर्णा आमच्या दिशेला आहे. साडेसातला शाल घेऊन गच्चीवर जाऊन उभा राहिलो. वारा माझ्या बाजूचा होता.

प्रथम कोणी तरी भाषण केले. त्यातील अशुद्धे मी मोजली नाहीत. मग तिचे नाव पुकारले. सुरुवातीस थोडी खरखर, ती कर्ण्याची होती. नंतर आवाज मोकळा झाला. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता, एकेक शब्द छपरांवरून पायऱ्या उतरावा तसा येत होता. मला ते वाक्य पाठ आहे, तरी पुढचा शब्द येईल की नाही याची मी प्रत्येक वेळी वाट पाहिली. ऑक्टोबरात याच मुलीला पाणी मागण्यासाठी दोनदा थांबावे लागले होते. ती शेवटच्या शब्दापर्यंत पोहोचली. टाळ्या झाल्या. गच्चीवर एकटाच होतो, म्हणून मुखपट्टी काढली आणि डोळे पुसले. सर्दीत डोळ्यांना पाणी येतेच.

दुपारी ती जिन्याच्या तळाशी येऊन उभी राहिली. एकही पायरी चढली नाही. मी वरच्या पायरीवर, तोंडावर पट्टी. मध्ये चौदा पायऱ्या. ऐकलेत का, असे तिने विचारले. प्रत्येक शब्द ऐकला, असे मी सांगितले. काही चुकले का, असे तिने विचारले. खोटे बोलण्याची सवय मला नाही.

मी म्हणालो, उच्चार निर्दोष होते. मात्र चार ठिकाणी श्वास घेतलास. तीन ठिकाणे योग्य, चौथे अयोग्य. तेथे वाक्य तोडू नये असे मी शिकवले होते.

तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मला तिथं हवा होता, आजोबा. म्हणून घेतला."

मी तिला म्हटले, बरोबर आहे. पुढच्या वेळीही तेथेच घे.